किल्ली, मूल्य आणि ॲपची पुढची आवृत्ती

ॲपमधल्या सेटिंग साठवण्याचे काम बहुतेक शिकवण्यांमध्ये दोन ओळींत उरकले जाते. एका ओळीत मूल्य लिहायचे, दुसऱ्या ओळीत ते वाचायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचे. अँड्रॉइडवर यासाठी शेअर्डप्रेफरन्सेस ही सोय २००८ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि ती वापरायला इतकी सोपी आहे की तिच्या पोटात काय चालते ते पाहण्याची वेळ अनेकांवर येतच नाही. मला मात्र हा विषय महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे कारण साधे आहे: सेटिंग लिहिणारा कोड आणि ती वाचणारा कोड एकाच आवृत्तीतले असतील याची खात्री नसते. आज वापरकर्त्याच्या फोनमध्ये लिहिलेले मूल्य आपल्या ॲपची दोन वर्षांनंतरची आवृत्ती वाचणार असते, कधी नव्या फोनवर, तर कधी बदललेल्या भाषेत. चालू आवृत्तीपुरता विचार करून लिहिलेली सेटिंग तिथे दगा देते. या लेखासाठी मी औषधांच्या वेळांची आठवण करून देणारे एक ॲप उदाहरण म्हणून घेतो, कारण अशा ॲपमध्ये एखादी सेटिंग हरवली तर कुणाची तरी गोळी चुकते.

प्रथम ही माहिती प्रत्यक्षात कुठे आणि कशी राहते ते पाहू. ॲपच्या खासगी फोल्डरमध्ये शेअर्ड_प्रेफ्स नावाचे एक उपफोल्डर असते आणि त्यात साध्या एक्सएमएल फाइली असतात. प्रत्येक किल्लीसाठी, म्हणजे सेटिंगच्या नावासाठी, एक ओळ. पूर्णांक असेल तर त्याचे मूल्य त्या टॅगच्या गुणधर्मात लिहिलेले असते, आणि मजकूर असेल तर तो टॅगच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या भागांमध्ये असतो. डीबग बिल्डवर, म्हणजे तपासणीसाठी बनवलेल्या आवृत्तीवर, संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या एडीबी या साधनातून रन-अ‍ॅज आज्ञा वापरली की ही फाइल उघडून वाचता येते, आणि सेटिंगवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ती अधूनमधून वाचावी असे मला मनापासून वाटते. आपल्या कोडमध्ये जे लिहिले आहे असे आपण समजतो आणि फाइलमध्ये जे पडलेले असते, यांतले अंतर तिथे लगेच दिसते.

ॲपने ही फाइल पहिल्यांदा मागितली की अँड्रॉइड ती वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे कामाच्या समांतर धाग्यावर, वाचायला घेते आणि पूर्ण फाइल मेमरीत आणून ठेवते. पहिले गेट, म्हणजे मूल्य मागणारी आज्ञा, हे वाचन संपेपर्यंत थांबून राहते. त्यानंतरची सर्व वाचने मेमरीतूनच होतात आणि म्हणून ती अत्यंत जलद असतात. याचा दुसरा अर्थ असा की, फाइलमध्ये जे काही कोंबलेले असेल ते प्रोसेस, म्हणजे चालू असलेले ॲप, जिवंत असेपर्यंत मेमरीत राहते. सर्व्हरकडून आलेले मोठमोठे जेसन मजकूर सेटिंगच्या फाइलमध्ये ठेवण्याची सवय अनेक प्रकल्पांत दिसते. त्यामुळे ॲप सुरू होताना विलंब होतोच. शिवाय एक छोटे बूलियन, म्हणजे खरे किंवा खोटे एवढेच मूल्य, बदलले तरी ती पूर्ण फाइल नव्याने लिहावी लागते, कारण शेअर्डप्रेफरन्सेसला फाइलचा तुकडा बदलता येत नाही. अशा माहितीची जागा डेटाबेसमध्ये किंवा स्वतंत्र फाइलमध्ये आहे.

लिहिण्याची पद्धत अधिक लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. एडिटरवर आपण बदल गोळा करतो आणि शेवटी कमिट किंवा अप्लाय करतो. कमिट हे बदल मेमरीत आणि डिस्कवर दोन्हीकडे होईपर्यंत थांबते आणि यश आले की नाही ते सांगते. २०१० सालच्या अँड्रॉइड २.३ मध्ये आलेले अप्लाय मेमरीतला बदल तत्काळ करते, डिस्कवरचे काम रांगेत टाकते आणि लगेच परत येते; पुढे लिहिणे फसले तरी आपल्याला काहीच कळत नाही. डिस्कवर लिहिताना जुन्या फाइलचे नाव बदलून ती बॅकअप म्हणून बाजूला ठेवली जाते, नवी फाइल पूर्ण लिहून एफसिंकने ती प्रत्यक्ष स्टोरेजवर पोचवली जाते, आणि त्यानंतरच बॅकअप काढून टाकला जातो. मधेच फोन बंद पडला, तर पुढच्या वेळी बॅकअप शिल्लक दिसतो आणि अर्धवट फाइल टाकून देऊन जुनी स्थिती परत घेतली जाते. रचना चांगली आहे. मात्र ती फाइल मोडू नये याची हमी देते, आपला ताजा बदल टिकेल याची देत नाही.

म्हणून ‘नेहमी अप्लाय वापरा’ हा लिंटचा, म्हणजे कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनाचा, सल्ला मी बहुतेक ठिकाणी मानतो, पण सर्व ठिकाणी नाही. भाषा किंवा खाते बदलल्यानंतर काही ॲप स्वतःची प्रोसेस मारून नव्याने सुरू होतात. अप्लायनंतर लगेच प्रोसेस मारली तर रांगेतले लिहिणे तिच्याबरोबर नाहीसे होऊ शकते, आणि ॲप पुन्हा उघडल्यावर जुनेच खाते समोर येते. अशा जागी पार्श्वभूमीच्या थ्रेडवर कमिट करून, त्याचे उत्तर तपासून, मगच पुढे जावे. उलट बाजूनेही काळजी घ्यावी लागते, कारण अप्लाय पूर्णपणे फुकट नाही. ॲक्टिव्हिटी, म्हणजे ॲपचा एखादा पडदा, थांबताना अँड्रॉइड रांगेतली सर्व लिहिणी पूर्ण होईपर्यंत पडदा चालवणाऱ्या मुख्य थ्रेडला थांबवून धरते. संथ स्टोरेजच्या फोनवर मोठ्या फाइलचे लिहिणे बाकी असेल तर याच ठिकाणी ॲप गोठते आणि ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ ही खिडकी दिसू शकते. अँड्रॉइड ८ पासून लागोपाठचे अप्लाय एकत्र करून शेवटची स्थितीच लिहिली जाते, त्यामुळे हा त्रास कमी झाला आहे; परंतु फाइल लहान ठेवणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो: मूळ मूल्य, ज्याला आपण रोजच्या बोलण्यात डिफॉल्ट म्हणतो. बूलियन वाचणाऱ्या गेटबूलियनला किल्लीबरोबर, ती न सापडल्यास परत करायचा डिफॉल्टही द्यावा लागतो, आणि त्यामुळे तो डिफॉल्ट कोडमध्ये जिथे जिथे वाचन आहे तिथे तिथे विखुरतो. सेटिंगच्या पडद्यावर ‘कंपन’ ही किल्ली खरे या डिफॉल्टने वाचली आणि गजर वाजवणाऱ्या रिसीव्हरमध्ये तीच खोटे या डिफॉल्टने वाचली, तर ज्या वापरकर्त्याने त्या सेटिंगला कधी हात लावलेला नाही त्याला पडद्यावर कंपन चालू दिसते आणि प्रत्यक्षात फोन थरथरत नाही. ज्याने एकदा तरी बटण हलवले आहे त्याच्याकडे मात्र सर्व सुरळीत असते. तपासणी करणारी व्यक्ती बटण हलवूनच तपासते, त्यामुळे असा दोष तपासणीतून सहज निसटतो. यावर मी एकच नियम पाळतो: किल्लीचे नाव, तिचा प्रकार आणि तिचा डिफॉल्ट हे तिन्ही एका वर्गात एकाच जागी लिहायचे आणि उरलेल्या ॲपने त्या वर्गालाच विचारायचे. गेटबूलियन हा शब्द प्रकल्पात दुसरीकडे कुठेही सापडता कामा नये.

यापेक्षा खोल प्रश्न असा आहे, की किल्ली नसणे आणि किल्लीत डिफॉल्टइतकेच मूल्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा अर्थ वापरकर्त्याने निर्णय घेतलेला नाही असा होतो. दुसरीचा अर्थ त्याने निर्णय घेतला आणि तो योगायोगाने आपल्या डिफॉल्टशी जुळला असा होतो. पुढच्या आवृत्तीत आपण आठवणीचे अंतर दहा मिनिटांवरून पाच मिनिटांवर आणले, तर पहिल्या गटाला नवे अंतर मिळायला हवे आणि दुसऱ्या गटाचे दहा मिनिटे तसेच राहायला हवेत. हा भेद टिकवायचा असेल तर पहिल्या वेळी ॲप उघडताच सर्व डिफॉल्ट फाइलमध्ये लिहून टाकण्याची पद्धत सोडावी लागते. प्रेफरन्समॅनेजरचे सेटडिफॉल्टव्हॅल्यूज हे फंक्शन नेमके असेच सर्व डिफॉल्ट लिहून टाकते. त्यानंतर कोणते मूल्य माणसाने निवडले आणि कोणते आपण लिहिले हे सांगता येत नाही. ॲपलच्या युजरडिफॉल्ट्स या तशाच सोयीमध्ये रजिस्टर करून दिलेले डिफॉल्ट फक्त मेमरीत राहतात, डिस्कवर जात नाहीत, आणि दर वेळी ॲप सुरू होताना पुन्हा द्यावे लागतात. ही रचना मला अधिक विचारपूर्वक केलेली वाटते. मात्र तिथे रजिस्टर करायला विसरले तर नसलेल्या किल्लीसाठी पूर्णांक शून्य आणि बूलियन खोटे येते, आणि वाचणाऱ्याला ते प्रत्यक्ष साठवलेले मूल्य वाटते.

प्रकाराची चूक ही सर्वाधिक क्रॅश घडवणारी बाब. सेटिंगच्या पडद्यावरचे लिस्टप्रेफरन्स आणि एडिटटेक्स्टप्रेफरन्स हे तयार घटक आपली मूल्ये मजकूर म्हणून साठवतात. कीबोर्ड फक्त अंकांचा दाखवला तरी आत साठतो तो मजकूरच. ती किल्ली पूर्णांक वाचणाऱ्या गेटइंटने वाचली की क्लासकास्टएक्सेप्शन ही प्रकाराची चूक येते, आणि इथे डिफॉल्ट मदतीला येत नाही, कारण किल्ली सापडलेली असते, प्रकार जुळत नसतो. आवृत्ती बदलताना हाच दोष अधिक अवघड रूप घेतो. समजा, पहिल्या आवृत्तीत ‘गडद_थीम’ ही बूलियन किल्ली होती. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० ने सबंध फोनसाठी गडद थीम आणली आणि मग आपल्यालाही उजळ, गडद आणि फोनप्रमाणे असे तीन पर्याय द्यावेसे वाटले. कुणी तरी त्याच किल्लीत मजकूर लिहायला सुरुवात केली. विकसकाच्या फोनवर ॲप नव्याने बसवलेले असल्यामुळे काहीच बिघडत नाही. जुन्या वापरकर्त्याच्या फोनवर मात्र त्याच किल्लीखाली बूलियन बसलेले असते, मजकूर वाचणारे गेटस्ट्रिंग त्यावर आदळते आणि ॲप उघडता उघडता बंद पडते. सर्वांत जुन्या, सर्वांत निष्ठावान वापरकर्त्यांनाच हा फटका बसतो, आणि ॲप काढून पुन्हा बसवले की सगळे ठीक होते म्हणून मूळ कारण कधी शोधलेही जात नाही.

माझा आग्रह असा आहे, की एकदा प्रकाशित झालेल्या किल्लीचा प्रकार आणि अर्थ कधीही बदलू नये. नवा अर्थ हवा असेल तर नवी किल्ली घ्यावी, ॲप सुरू होताना जुनी किल्ली वाचून तिचे रूपांतर करावे, आणि नवी लिहिणे व जुनी काढणे हे एकाच एडिटरमध्ये, एकाच कमिटमध्ये करावे. पूर्ण फाइल एकदमच लिहिली जात असल्यामुळे या दोन क्रिया एक तर दोन्ही होतात किंवा एकही होत नाही. सेटिंगच्या रचनेचा एक क्रमांकही त्याच फाइलमध्ये ठेवावा आणि प्रत्येक पायरी त्या क्रमांकावरून ठरवावी, कारण काही वापरकर्ते मधल्या चार आवृत्त्या ओलांडून थेट पाचवीवर येतात.

एक गोष्ट मराठी वाचकांना विशेष जवळची आहे आणि तिच्याविषयी फारसे लिहिले जात नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. औषधांच्या ॲपमध्ये प्रत्येक गजरासाठी वेगळी किल्ली हवी असते, आणि ती मजकूर जुळवणारे स्ट्रिंग-फॉरमॅट वापरून, गजराचा क्रमांक जोडून तयार करणे स्वाभाविक वाटते. फोन इंग्रजीत असताना ही किल्ली ‘अलार्म_5’ अशी तयार होते. पुढे कुणी आईसाठी फोनची भाषा मराठी करून देते. स्ट्रिंग-फॉरमॅटला लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची निवड, स्वतंत्रपणे दिले नाही तर ते फोनचे लोकेल घेते, आणि मराठीच्या लोकेलमध्ये अंकांची मूळ पद्धत देवनागरी आहे. म्हणून तोच कोड आता ‘अलार्म_५’ ही किल्ली मागतो. ती फाइलमध्ये नसते. गेट निमूटपणे डिफॉल्ट परत करते, आणि ॲपच्या दृष्टीने त्या बाईंनी कधी गजर लावलेलाच नसतो. क्रॅश नाही, नोंद नाही, काहीच नाही. हिंदीची लिपी तीच असली तरी तिच्या लोकेलमध्ये मूळ अंक इंग्रजी आहेत, त्यामुळे भारतीय भाषांसाठी म्हणून हिंदीत केलेली तपासणी हा दोष पकडत नाही. मराठी आणि नेपाळीत तो प्रकट होतो.

मूल्यांच्या बाबतीतही हेच घडते. अडीच मिलिलिटरचा डोस फॉरमॅट करून मजकूर म्हणून साठवला तर फाइलमध्ये ‘२.५’ पडते. मजकुरातून पूर्णांक काढणारे जावाचे पार्सइंट देवनागरी अंक समजून घेते. दशांश संख्या काढणारे पार्सफ्लोट मात्र घेत नाही आणि नंबरफॉरमॅटएक्सेप्शन टाकते. त्यामुळे पूर्ण संख्येच्या गोळ्या व्यवस्थित चालतात आणि पातळ औषधाच्या पानावर ॲप कोसळते. दोषाचा असा तुकडेवजा नमुना पाहून माणूस भलतीकडेच शोध घेत बसतो. उपाय अवघड नाही. यंत्राने वाचायचा प्रत्येक मजकूर, मग तो किल्ली असो वा मूल्य, लोकेल-रूट, म्हणजे कोणत्याही भाषेशी न बांधलेले लोकेल, देऊन तयार करावा किंवा कॉटलिन भाषेच्या साध्या स्ट्रिंग-टेम्प्लेटने तयार करावा, कारण ते लोकेलकडे पाहत नाही. माणसाने वाचायचा मजकूर मात्र फोनच्या लोकेलनेच तयार व्हावा. मराठी वापरकर्त्याला पडद्यावर ‘२.५’ दिसणे हा त्याचा हक्क आहे आणि वरील दोष टाळण्यासाठी सबंध ॲपभर इंग्रजी अंक लादणे मला मान्य नाही. लोकेल न दिल्याचा इशारा लिंट देते. अनेक प्रकल्पांत तो गप्प करून ठेवलेला असतो. तो पुन्हा चालू करावा.

गूगलने २०२१ मध्ये स्थिर केलेले डेटास्टोअर हे शेअर्डप्रेफरन्सेसच्या जागी सुचवले जाते, आणि नव्या ॲपसाठी मीही तेच निवडतो. त्यात किल्लीलाच प्रकार चिकटलेला असतो. वाचन फ्लोच्या, म्हणजे येत राहणाऱ्या मूल्यांच्या प्रवाहाच्या, रूपाने येते, त्यामुळे बदल आपोआप पडद्यापर्यंत पोचतो. लिहिताना चूक झाली तर ती कळते. सर्वांत मोलाची बाब म्हणजे वाचून-बदलून-लिहिणे ही तिन्ही कामे एकाच व्यवहारात होतात. शेअर्डप्रेफरन्सेसमध्ये दोन थ्रेडनी घेतलेल्या गोळ्यांची संख्या ४ वाचली आणि दोघांनी ५ लिहिली तर एक नोंद हरवते. डेटास्टोअर ही कामे एकामागून एक करते आणि संख्या ६ होते. जुनी फाइल उचलून आणण्याची सोयही त्यात आहे. अडचण येते ती पहिल्या पडद्याच्या वेळी, कारण मूल्य येण्याआधीच पडदा रंगवायची वेळ होते आणि गडद थीम निवडलेल्याच्या डोळ्यांवर क्षणभर पांढरा उजेड पडतो. तो टाळण्यासाठी रनब्लॉकिंग लावून मुख्य थ्रेड अडवून ठेवण्यापेक्षा स्प्लॅश पडदा रोखून धरून तेवढ्यात पहिले वाचन पूर्ण करणे चांगले. डेटास्टोअरने किल्लीचा अर्थ जपण्याची जबाबदारी आपल्यावरून काढून घेतलेली नाही, आणि एकाच फाइलसाठी एका प्रोसेसमध्ये दोन डेटास्टोअर उघडली तर ते चूक टाकते, हेही ध्यानात ठेवावे.

शेवटी नव्या फोनचा प्रश्न. अँड्रॉइड ६ पासून स्वयंचलित बॅकअप आहे. तो प्रत्येक ॲपची २५ एमबीपर्यंतची माहिती उचलतो आणि सेटिंगच्या फाइली त्यात आपोआप येतात. वापरकर्त्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. पण सेटिंगमध्ये आपण ‘गजर_लावले_आहेत’ अशी किल्ली ठेवली असेल, तर तीही नव्या फोनवर ‘खरे’ या मूल्यासह पोचते. अलार्ममॅनेजरमधले गजर मात्र जुन्या फोनवरच राहिलेले असतात. ॲप किल्ली वाचते, काम झालेले आहे असे मानते आणि नव्या फोनवर एकही गजर लावत नाही. फोनमध्ये गुप्त किल्ल्या जपणाऱ्या कीस्टोअरच्या साहाय्याने कूटबद्ध केलेली फाइल अशीच नव्या फोनवर जाते, तिची गुप्त किल्ली जुन्या फोनच्या हार्डवेअरमध्येच राहते आणि फाइल उलगडता येत नाही. यावरून मी सेटिंगची दोन फाइलींत विभागणी करतो. वापरकर्त्याने घेतलेले निर्णय, म्हणजे औषधाची वेळ, कंपन, थीम, एका फाइलमध्ये. आणि त्या विशिष्ट फोनची स्थिती, म्हणजे पुश टोकन (त्या फोनवर सूचना पाठवण्यासाठीची ओळख), गजर लावल्याची खूण, शेवटच्या सिंकची वेळ, दुसऱ्या फाइलमध्ये, जी बॅकअपच्या नियमांत वगळलेली असते. अँड्रॉइड १२ पासून हे नियम क्लाउड बॅकअपसाठी आणि एका फोनवरून दुसऱ्या फोनवर थेट नेण्यासाठी वेगवेगळे लिहावे लागतात. जुन्या फोनसाठी आधीची नियमफाइलही ठेवावी लागते.

प्रत्येक नवी आवृत्ती देण्यापूर्वी मी प्ले स्टोअरवरची आधीची एपीके, म्हणजे ॲप बसवण्याची फाइल, चाचणीच्या फोनवर बसवतो, दोन-तीन सेटिंग बदलतो आणि दोन-तीन मुद्दाम तशाच ठेवतो, फोनची भाषा मराठी करतो, आणि त्यावर नवी एपीके माहिती न पुसता बसवतो. त्यानंतर बॅकअप हाताळणाऱ्या बीएमजीआर आज्ञेने बॅकअप घेऊन, ॲप काढून, पुन्हा बसवून पाहतो. या सगळ्याला चहा गार होण्याइतका वेळ लागतो. नव्याने बसवलेल्या ॲपवर कधीही न दिसणारे दोष याच क्रमात वर येतात, आणि ते वर आले की सेटिंगची एक्सएमएल फाइल उघडून कोणती ओळ जुन्या आवृत्तीची आहे हे पाहता येते.